बोरीचा सोंड्या

भगवानराव गावंडे यांना शाळेतली पोरं पाठीमागं 'किडेमास्तर' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट खूश झाले. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. मला पोरं काय म्हणत ते इथं सांगण्यासारखं नाही.

दिग्रस म्हणजे कापसाचं गाव. दिवाळी झाली की जिनिंगच्या फाटकापर्यंत बैलबंड्यांची रांग लागायची, सगळ्या गावाच्या अंगाखांद्यावर रुईचे तंतू चिकटायचे, आणि जो तो एकमेकाला भाव विचारायचा. अशा गावात एक माणूस सकाळी उठून ज्वारीच्या कोठीत हात घालतो, तळहातावर चार सोंडे घेतो आणि त्यांच्या पायांची पेरं न्याहाळत बसतो, म्हणजे लोकांच्या मते तो कामातून गेलेलाच. सोंडे म्हणजे धान्यातले ते किडे, ज्यांचं तोंड पुढं सोंडेसारखं लांबलेलं असतं. बायका त्यांना सुपातून पाखडून टाकतात. भगवानराव त्यांना टाचणीवर टोचून पेटीत ठेवत.

"यायच्या जातीले सुमार नाई," ते मला सांगत. "कोनी बोंडात राह्यते, कोनी आंब्याच्या कोयीत. अन् काही त पान्यात राह्यतात, मास्तर. पोहत नाईत बरं का. पान्याखालून चालतात. अंगावर खवल्यायचा असा थर की पानी लागतच नाई. बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात."

एरवी मऊ माणूस, पण एका गोष्टीत कडक. किडा सापडला की आधी चिठ्ठी लिहायची, आणि चिठ्ठीवर आधी ठिकाण लिहायचं. तारीख, नाव, बाकी सगळं मागून. 'ठिकाण नसलेला किडा म्हणजे कचरा' हे वाक्य त्यांच्या वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात कायमचं असे, आणि ते कोणी पुसलं तर त्याची धडगत नसे.

त्यांची बायको रुक्माबाई राळेगावकडची. अक्षराला अक्षर जोडून वाचण्याइतकं शिकलेली. तिला किड्यांचा मनस्वी तिटकारा. "घरात मानसाले बसाले जागा नाई, अन् किड्यायले पेट्या," असं ती मला चहा देता देता ऐकवायची, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं. मूलबाळ नव्हतं. भगवानराव शाळेतून आले की भिंग घेऊन बसत, आणि ती परसाच्या कुंपणातल्या फटीतून शेजारी खैरुनबीकडे जाई. खैरुनबीचा मुलगा इकबाल बाजारात फळांची गाडी लावायचा. दिवसाकाठी रुक्माबाई नवऱ्याशी जेवढं बोलत असेल, त्याच्या दसपट खैरुनबीशी बोलत असेल. हे मी आज म्हणतो असं नाही. तेव्हाही भगवानरावांना तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, "तिले करमते ना तिथं, मंग झालं."

छप्पन सालच्या दिवाळीत आम्ही मध्यप्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात जागे झालो. त्याच सुमारास भगवानराव सायन्सच्या कसल्याशा ट्रेनिंगसाठी नागपूरला गेले, ते कार्तिक संपता संपता परत आले. आणि माघात रुक्माबाईला मुदतीचा ताप आला. तो तिला घेऊनच गेला.

तिरडी बांधून झाली. माणसं उचलायला वाकली, तर भगवानराव म्हणाले, "थांबा जरा." आम्ही थांबलो. पुन्हा वाकलो. "थांबा नं जरा." असं दोन-तीनदा झालं. शेवटी त्यांच्या सासऱ्यांनी त्यांचा दंड धरला. "जावाईबापू, आता कायले थांबाचं?"

भगवानराव खालच्या आवाजात म्हणाले, "कधी कधी सोंग असते."

लोकांना काही उमगलं नाही. मला उमगलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस ते माझ्याकडे आले. हातात बामाची जुनी डबी. रुक्माबाईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत सापडली म्हणाले. झाकण उघडलं तर आत कापूस, कापसावर एक सोंड्या आणि त्याच्याखाली कागदाचा कपटा. कपट्यावर शिसपेन्सिलीनं, गिरवून गिरवून, एकच शब्द लिहिलेला होता. बोरी.

"माह्यासाठी पकडला तिनं," ते म्हणाले. "किड्याले हात न लावनाऱ्या बाईनं. अन् आधी ठिकान लिवलं." एवढं बोलून त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग एकदम म्हणाले, "पन बोरीले गेली कायले?"

बोरी म्हणजे बोरी अरब. दारव्ह्याकडचं मोठं गाव. तिथं भगवानरावांचं कोणी नाही, रुक्माबाईच्या माहेरचं कोणी नाही. गेली असेल तर ते नागपूरला असतानाच. म्हणजे ही बाई एकटी, कोणाला न सांगता, दोन मोटारी बदलून बोरीला जाते, आणि परत येऊन चकार शब्द काढत नाही. एखाद्या हलक्या मनाच्या माणसानं यातून भलतंच काढलं असतं. भगवानरावांनी तसं काही काढलं नाही, पण त्यांना ते लागलं. नवस असेल का, पोटात काही दुखत होतं का, कोणी वैदू सांगितला होता का, आणि सांगितला होता तर मला का नाही सांगितलं, हे त्यांचं चक्र त्या दिवशी जे फिरायला लागलं ते काही वर्षं फिरत राहिलं. मला त्यांनी शपथ घातली की गावात याची वाच्यता करायची नाही. बायकोमाणूस एकटं गेलं म्हटलं की दहा तोंडं दहा वाटा. मी कोणाला सांगितलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. अगदी शेजारच्या खैरुनबीलासुद्धा नाही.

तिथंच त्यांनी ठरवून टाकलं. हा सोंड्या कोण ते शोधायचं, आणि याला अजून कोणी नाव दिलं नसेल तर रुक्माचं नाव द्यायचं. अशा नावाला मरण नसतं, जगाच्या पुस्तकात ते कायमचं जातं. शिवाय ती बोरीला का गेली, तेही समजून घ्यायचं. दोन्ही कामं त्यांच्या मनात एकच झाली होती.

मग किड्याची ओळख पटवण्याचा खटाटोप सुरू झाला. शाळेत एक पितळी सूक्ष्मदर्शक होता आणि नागपूरहून आणलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. त्या पुस्तकाची रीत अशी की दर पानावर दोन वाटा. सोंड वाकडी की सरळ? मिशा मधेच कोपरासारख्या मोडलेल्या की नाहीत? छातीखाली सोंड दुमडून ठेवायला पन्हळ आहे की नाही? होय-नाही करत पुढं सरकायचं. वाट चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मला किड्यांची शिसारी, पण चित्र काढायला मीच होतो, म्हणून मीही डोळा लावून बसायचो. मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासा लांब, मातकट रंगाचा. नुसत्या डोळ्यांना चिखलाचा ठिपका. भिंगाखाली मात्र त्याच्या अंगावर कौलं रचावीत तशी खवल्यांची रचना, पाठीवर दोन्हीकडं एकेक फिकट डाग, आणि काटकुळे पाय. एक दिवस भगवानरावांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बॅगस. याचं घरानं सापडलं, मास्तर. पान्यातला हाय हा."

पाण्यातला आहे म्हटल्यावर सगळं जुळलं. बोरीच्या शिवारात, बंजाऱ्यांच्या तांड्याच्या खाली, एक तळं होतं. म्हणजे रुक्मा तळ्यावर गेली होती.

त्यानंतर जवळजवळ दर रविवारी ते सकाळच्या एस.टी.नं बोरीला जात. तळ्यातलं शेवाळ उपटायचं, पांढऱ्या फडक्यावर झटकायचं आणि हलतं काय ते बघायचं. सोंडे सापडत, पण हा नव्हे. कोणाचा पाय रुंद, कोणाच्या पाठीवर डाग नाही. घरी आणून ते रात्रंदिवस ताडून बघत आणि सोमवारी शाळेत मला फक्त मान हलवून दाखवत. आपला सोंड्या एकटाच राहिला होता.

तळ्याच्या वरच्या अंगाला बिजलीबाई नावाची बंजारा बाई शेळ्या चारायची. पन्नाशीची असेल, हातभर बांगड्या, तोंडानं फटकळ. भगवानरावांनी पहिल्याच फेरीत तिला विचारलं होतं, "बाई, मागच्या कार्तिकात इथं एकटी बाई आल्ती काय? हिरवं लुगडं, हातावर तुळस गोंदलेली?"

"नाई पाह्यली, मास्तर."

आमच्या वऱ्हाडात एक खोड आहे. परक्यानं वाट विचारली तर 'माहीत नाही' म्हणणं लोकांच्या जिवावर येतं. चुकीची का होईना, पण वाट सांगतील, वर दोन पावलं सोबत येतील. मग दुःखातल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायचं तर किती जड! भगवानराव दर खेपेला विचारायचे. काही महिन्यांनी बिजलीबाई म्हणाली, "आल्ती असंल बा. कोनी ना कोनी येतच राह्यते." पावसाळ्यानंतर ती म्हणाली, "आल्ती. त्या दगडावर बसली होती."

"काही बोलली?"

"काई नाई. पान्यात हात घालून बसे."

सोमवारी हे मला सांगताना भगवानरावांचा चेहरा असा उजळला होता की मला राग आला. "अहो, तुम्ही सायन्सचे मास्तर! तुम्हीच तिला लुगड्याचा रंग सांगता, आणि तीच गोष्ट ती तुम्हाला परत सांगते. हे कसलं शोधणं?"

"ठिकान चिठ्ठीवर हाय," ते शांतपणे म्हणाले. "ठिकानावर शंका घ्याची नसते."

बिजलीबाईनं दयेपोटी एक बाई दगडावर बसवली, आणि ती बाई तिथून उठेचना. तांड्यातल्या दुसऱ्या बाईला ती दिसली. मग पोरांना दिसली. दुपारच्या वेळी शेळ्या त्या काठाला पाणी पीत नाहीत, असं म्हातारे सांगू लागले. बायका येता-जाता दगडाला हळदकुंकू वाहू लागल्या. दुसऱ्या वर्षी भगवानराव मला सांगत होते, "पोरं तिले याडी म्हनतात." याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. जिला जन्मात कोणी आई म्हटलं नाही, तिला त्या परक्या तळ्यावर पोरं आई म्हणत होती.

मी स्वतः एकदाच गेलो, पुढच्या वैशाखात. तळ्याचं चित्र हवं म्हणून त्यांनी मला ओढून नेलं. तळं आटून मधोमध गोळा झालं होतं, चहूकडं चिखलाला भेगा. झाडाचं पान हलत नव्हतं. मी पळसाच्या तुटपुंज्या सावलीत फळी मांडीवर घेऊन काढत बसलो. पाणी काढलं, पलीकडचा काठ काढला, दगड काढला, आणि दगडावर बसलेल्या बाईची पाठ काढायला घेतली. खांद्याची रेघ ओढून झाल्यावर माझा हात थांबला.

"तिथं कोण बसलंय?" मी विचारलं.

भगवानराव गुडघाभर चिखलात वाकले होते. मान वर न करता ते म्हणाले, "दिसली नं तुम्हाले?"

मी पुन्हा पाहिलं. दगडावर फडकं होतं. हिरव्या लुगड्याचा तुकडा, बायकांनी बांधलेला. ऊन लागलं असेल, डोळ्यावर झापड आली असेल, काय वाटेल ते म्हणा. पण फडक्याला पाठ नसते, आणि मी पाठ काढली होती. तो कागद मी तिथंच फाडला. नंतर कितीतरी दिवस दुपारच्या वर्गात खिडकीकडे पाठ करून बसायला मला नको वाटायचं.

अशी चार वर्षं गेली. मधे महाराष्ट्र झाला, गावात मिरवणूक निघाली. भगवानराव त्या दिवशी बोरीला होते. शेवटी दुसरा सोंड्या मिळण्याची आशा सोडून त्यांनी तो एकुलता एक किडा आणि सगळी माहिती कलकत्त्याच्या एका तज्ज्ञाकडे रजिस्टर पोस्टानं धाडली. हा गृहस्थ उभं आयुष्य सोंड्यांतच घालवलेला. त्याचं उत्तर आलं तेव्हा भगवानरावांनी ते मला स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. तुमचा किडा शिंगाडा खाणाऱ्या सोंड्याशी जवळजवळ हुबेहूब जुळतो, आणि त्या सोंड्याला नुकतंच कोणी नाव दिलेलं आहे, असं त्यानं लिहिलं होतं. परंतु तुम्ही म्हणता की बोरीच्या तळ्यात शिंगाडा मुळीच होत नाही. पायाची ठेवणही मला किंचित निराळी वाटते. एकाच नमुन्यावर नाव देणं धोक्याचं असतं. तरीही ठिकाणाबद्दल तुमची खात्री असेल, तर मी ही वेगळी जात धरतो, तुम्ही सुचवाल ते नाव देतो. छपाईसाठी मोठं चित्र पाठवा.

म्हणजे सगळं त्या एका शब्दावर टेकलेलं होतं. भगवानरावांनी उलट टपाली कळवलं, खात्री आहे. नावही कळवलं. बाईच्या नावावरून जात ठेवायची तर शेवटी 'ए' लावतात, लॅटिनचा नियम म्हणे. म्हणून नाव झालं रुक्मे.

"ही तर हाक झाली," मी म्हणालो.

"हो नं," ते लाजून म्हणाले. "तिच्या जिवंतपनी मी कधी नावानं हाक मारली नाई. आता सारं जग मारन."

मी ते चित्र जीव ओतून काढलं. एकेक खवला काढला. एकसष्ट सालचा कार्तिक होता. चित्र घेऊन त्यांच्या घरी गेलो, शाई वाळावी म्हणून ओसरीवर पसरून ठेवलं. तेवढ्यात खैरुनबी परसातून आली, पदराखाली उकडलेल्या शिंगाड्यांचं ताट. रुक्माबाई गेल्यावरही ती अधूनमधून काहीबाही आणून द्यायची. चित्रावर तिची नजर गेली आणि ती हसलीच.

"या अल्ला! हा त आमच्या शिंगाड्यातला सोंड्या. केवढा मोठा केला मास्तरनं!" मग पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "असाच रुक्मानं पकडला होता."

भगवानराव हातातला पेला खाली ठेवायला विसरले. "कवा?"

"तुम्ही नागपूरले गेलते तवा. इकबालनं शिंगाडे आनले होते भंडाऱ्याकडून. आम्ही दोघी सोलत बसलो. बोरी उपडी केली त तिच्यातून हा पडला. रुक्मा म्हने, मेला. टाकाले गेली त चालाले लागला. बाप्पा, केवढी हसली थे! म्हने, हे आल्यावर देते. पेन्सिल घेऊन बसली. मले विचारे, खैरुनबी, ठिकान पह्यले लिवा लागते, काय लिवू? मी म्हटलं, बोरीत भेटला, त बोरी लिव."

"बोरी," भगवानराव म्हणाले. "बोरी म्हंजे पोतं?"

"पोतंच. आम्ही बोरी म्हनतो. थेबी म्हने. माह्यासंगं बसू बसू तिची बोलीच तशी झालती." खैरुनबी थांबली. "तुमाले नाई मालूम?"

नव्हतं मालूम. सोंड्याच्या पायाची पेरं माहीत होती, बायको पोत्याला काय म्हणते ते माहीत नव्हतं. तिच्या बोलण्यातला शब्द कानावर पडायला आधी ऐकावं लागतं.

मग भगवानरावांनी विचारलं, "मंग मी आल्यावर तिनं देला काहून नाई?"

खैरुनबीनं ताटातले शिंगाडे उगीच सारखे केले. "म्हने, यायचं मन पाहून देईन."

कार्तिकापासून माघापर्यंत ती मन पाहत राहिली, आणि देण्यासारखं मन काही तिला दिसलं नाही. भगवानराव उठून आत गेले. आतून आवाज आला नाही, म्हणून मी मागोमाग गेलो, तर ते धान्याच्या कोपऱ्यात, पोत्यांना टेकून जमिनीवर बसले होते आणि लहान पोरासारखे हुंदके देत होते. "घरातच होती, मास्तर. अन् मी बोरीले शोधून राह्यलो."

संध्याकाळी मी त्यांना समजावलं. मी साधुसंत नाही. म्हटलं, "भगवानराव, गप्प बसा. कलकत्त्याला काय कळतंय? बोरी लिहिलंय ते लिहिलंय. पाय निराळा आहे असं तो तज्ज्ञच म्हणतोय. नाव छापून येऊ द्या. कोणाचं काय बिघडतं?"

त्यांना मोह पडला नाही असं नाही. दोन दिवस माझं चित्र त्यांनी ना कलकत्त्याला धाडलं, ना मला परत दिलं. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून त्यांनी कलकत्त्याला पत्र लिहिलं. ठिकाण चुकलं आहे, किडा शिंगाड्याच्या पोत्यातला आहे, भंडाऱ्याकडच्या तळ्याचा. मी चिडून म्हणालो, "तुमच्या हातानं तिचं नाव पुसताय."

"तिनं जन्मात माह्यासाठी एकच शब्द लिवला," ते म्हणाले. "अन् थो खरा लिवला. थो मी खोटा पाडू?"

पाकीट मीच नेऊन टपालपेटीत टाकलं. पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं. पायातला फरक किरकोळ ठरला होता. सोंड्या शिंगाड्यावरच्या इतर सोंड्यांच्या पेटीत, त्यांच्याच नावाखाली जमा झाला. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते.

मला वाटलं, संपलं. पण भगवानराव म्हणाले, "बोरीले जा लागते. तिथं मी खोटं पेरून ठेवलं." मी सोबत गेलो. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, तळं तुडुंब भरलेलं. दगडाला नवं कुंकू, हिरव्या बांगड्या आणि कोणी नुकतीच ठेवलेली ज्वारीची भाकर. बिजलीबाई शेळ्या घेऊन वरच बसली होती, जवळ तांड्यातली दोन पोरं.

भगवानराव तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बिजलीबाई, माही चूक झाली. माही बायको इथं कधी आलीच नव्हती. तुम्ही पोरायले भेव नका दाखवू. तिथं कोनी नाई."

बिजलीबाई झटकन उठली. तोंडावर बोट ठेवून ती तळ्याकडं पाहत कुजबुजली, "हळू बोला मास्तर. असं नका म्हनू. थे ऐकून राह्यली."

मी खाली पायाशी पाहत राहिलो. तळ्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. भगवानराव मात्र बघत राहिले. मग चपला काढून सावकाश उताराला लागले.

मी थांबलो. बिजलीबाईनं मला पाणी दिलं. शेळ्या चरत चरत लांब गेल्या, पोरं त्यांच्यामागं गेली. दारव्ह्याची मोटार निघायची वेळ झाली तेव्हा मी नाइलाजानं खाली उतरलो. ते दगडाशेजारी, पाण्यात पाय सोडून बसले होते, आणि बाजूला तोंड करून अगदी घरगुती आवाजात बोलत होते. मला पाहूनही थांबले नाहीत.

"बोरी म्हंजे पोतं, हे मले मालूमच नव्हतं," ते सांगत होते. "मले वाटलं, तू मले न सांगता गेली."